लुगड्याला मिशा

"आता जे सांगतो ते तुम्ही मानणार नाही," निंबा आबा म्हणाले. "तुमच्या बापांनी मानलं नाही, तर तुम्ही काय मानाल! पण म्हणून मी सांगायचं सोडणार नाही. अख्खा महाराष्ट्र जिला पाहून झोपायच्या वेळेला पोट धरून हसतो, त्या हेमांगीनं जन्मात पहिल्यांदा ज्याची फजिती केली, तो माणूस मी शे. तो लुगड्यातला आबा म्हणजे हाच निंबा!"

एवढं बोलून आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि कोणी 'वा' म्हणतंय का ते पाहिलं. कोणी म्हटलं नाही. भाईदास नानांनी पऱ्हाट्यांच्या जाळातलं एक वांगं काठीनं उलटवलं आणि त्या वांग्यालाच सांगितल्यासारखं म्हणाले, "मागच्या खेपेला आबांनी बारागाड्या दातांनी ओढल्या होत्या."

"दातांनी नाही, दाढेनं," आबा म्हणाले. "उगाच खोटं बोलू नको, नाना."

सगळे हसले. आबाही हसले, पण त्यांचं लक्ष हसणाऱ्यांकडे नव्हतं. ते नूतनकडे होतं.

नूतन ही मुंबईची. टीव्हीच्या चॅनेलकडून आलेली, खांद्याला पिशवी, डोळ्यांवर मोठा चष्मा, सोबत एक कॅमेरावाला. तिच्यासाठीच भाईदास नानांनी गिरणा नदीच्या काठच्या आपल्या शेतात भरीतपार्टी ठेवली होती. कापूस वेचून झालेला, पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या, आणि हिरवी लांब वांगी पाटीभर. पुरुष वांगी भाजत होते. कडुनिंबाच्या सावलीत बायका चूल मांडून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होत्या. त्या बायकांत, सगळ्यांकडे पाठ करून, आबांची बायको भिकुबाई बसली होती. तिच्या भाकरीची थाप अशी एकसारखी पडे, की डोळे मिटून ऐकलं तर वाटावं कुठे तरी लांब टाळ्या वाजताहेत. आबांना वाजत नसलेल्या टाळ्यांची उणीव त्या थापेनंच भरून काढावी लागे, आणि गेली कित्येक वर्षं ते तशीच भरून काढत होते.

नूतन का आली होती तेवढं आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

हेमांगी म्हणजे जगदीश बोरसेची मुलगी. जगदीशची गावात पिठाची चक्की, आणि चक्कीची भिंत आबांच्या भिंतीला लागून. चक्की चालू असली की त्या घरात मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागे. त्यामुळे पोरीचा आवाज लहानपणीच असा तयार झाला, की तिनं अंगणात शिंक दिली तर आबांच्या घरातली मांजर दूध सोडून पळे. ती शिकायला जळगावला गेली. तिथं कॉलेजच्या महोत्सवात तिनं बसस्टँडवरच्या घोषणेची नक्कल केली, "एरंडोल, पारोळामार्गे धुळ्याला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे", आणि ती इतकी हुबेहूब की प्रेक्षकांतली चार माणसं पिशव्या घेऊन उठली. हे जगदीश सांगायचा. आबा सांगायचे तेव्हा ती चार माणसं धुळ्याला पोचून जेवलेलीही असायची.

पुढे ती खरोखरच धुळ्याला गेली. तिथल्या एका केबलवर ती बातम्या वाचायची. बातम्या म्हणजे काय, तर कोण वारलं, कोणाची म्हैस सुटली, कोणाचं पाकीट सापडलं. एक दिवस तिनं त्याच सुरात, चेहऱ्याची सुरकुती न हलवता वाचलं, "हरवलं आहे. आमच्या गल्लीतल्या नळाचं पाणी. वर्ण गढूळ, बांधा सडपातळ, घरातून निघताना हवेचा आवाज करत होतं. कोणाला आढळल्यास बादलीसह संपर्क साधावा." केबलवाल्यानं तिला त्याच दिवशी घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी लोक केबलवाल्याच्या दारात. 'ती हरवलेलं वाचणारी पोरगी कुठे हरवली?' तिसऱ्या दिवशी तो स्वतः स्कूटरवर तिला घ्यायला गेला.

मग मुंबई. मुंबईत बरीच वर्षं तिनं दुसऱ्यांच्या ताटात वाढलं. विनोद ही लिहायची, टाळ्या दुसरा घ्यायचा. रेकॉर्डिंगच्या आधी प्रेक्षकांना हसवून गरम करायचं काम तिचं, आणि ते गरम झाले की हिनं पडद्यामागे जायचं. गावी आली की आबा विचारायचे, "काय बेटा, कधी दिसशील टीव्हीवर?" ती म्हणायची, "आबा, चूल मी पेटवते, भाकरी दुसऱ्याची फुगते. पण पेटवता तर येते ना."

मग एका चॅनेलला रात्री साडेअकराची जागा रिकामी पडली. तिथं आधी पोट कमी करायचे पट्टे विकायचे, पण पट्टा घेणारे सगळे झोपी गेलेले. चॅनेलच्या साहेबानं तिला सांगितलं, "त्या वेळेला कोणी पाहत नाही. तुला करायचं ते कर." तिनं केलं. कार्यक्रमाचं नाव ठेवलं 'डोळ्याला डोळा'. आणि महिनाभरात ज्यांच्या डोळ्याला डोळा लागत होता तेही जागे राहू लागले. गिरणेच्या काठची माणसं कोंबड्यांबरोबर झोपणारी. तीही दिवसा पेंगू लागली. आबा तर शपथेवर सांगायचे की हेमांगीचं हसणं ऐकून रावेरकडची केळी झाडावरच पिकली आणि व्यापाऱ्यांना गाडी भरायला वेळ मिळाला नाही.

ते जाऊ द्या. पण दोन गोष्टी खऱ्या, आणि त्या साऱ्या महाराष्ट्रानं पाहिल्या होत्या.

एक म्हणजे, हेमांगी पाहुण्याला उंच खुर्चीत बसवायची आणि स्वतः खाली, चक्क स्वयंपाकघरातल्या पाटावर बसायची. मोठमोठी माणसं त्या खुर्चीत बसून गेली. एका मंत्र्याला तिनं पाटावरून मान वर करून विचारलं, "साहेब, खालून तुमची खुर्ची हलताना दिसते. तुम्हीच हलताय का कोणी हलवतंय?" मंत्र्यांनी घाबरून खुर्चीचे पाय पाहिले. ते पाहणं महाराष्ट्रानं पुढे आठवडाभर पाहिलं. कोणी तिला विचारलं, पाटावर का बसतेस, की ती म्हणायची, "मोठ्या माणसाचा पदर वरून झाकलेला असतो. खालून उघडा असतो."

दुसरी म्हणजे, कार्यक्रम संपताना ती एक तांब्या उचलायची, समोरच्या परातीत पाणी सोडायची आणि म्हणायची, "बठ्ठं पानीमा सोडं." सगळं पाण्यात सोडलं. ज्याची टोपी उडवली त्याला नमस्कार करायची. तो मंत्रीही शेवटी हसत हसत नमस्कार करून गेला होता.

मुंबई-पुण्याच्या लोकांना वाटायचं, ही तिची काहीतरी लकब. गिरणेच्या काठच्या बायकांना ठाऊक होतं, लकब नाही. आखाजी आहे.

आणि अधूनमधून ती एका माणसाची गोष्ट सांगायची. तिच्या गावचा एक आबा, जो बायकोचं लुगडं नेसून बायकांत जाऊन बसला. ती त्याचं नाव घ्यायची नाही. नुसतं 'लुगड्यातला आबा'. एखाद्या पुढाऱ्यानं पक्ष बदलला की म्हणायची, "लुगडं बदललं, मिशा त्याच. आमच्या लुगड्यातल्या आबाला विचारा." तो आबा एवढा प्रसिद्ध झाला की पोरं वाढदिवसाच्या केकवर त्याचं चित्र काढून घेऊ लागली. सगळ्यांना वाटे, हा तिच्या डोक्यातून निघालेला माणूस आहे.

आता कार्यक्रमाला पाच वर्षं पुरी होत होती. मोठा सोहळा. त्यात हेमांगीनं जाहीर केलं, "लुगड्यातला आबा खरा आहे. नाव मी सांगणार नाही, कारण ते काठावरचं आहे. पण गावानं त्याला माझ्याकडे दिला तर त्या दिवशी तो माझ्या खुर्चीत बसेल, आणि मी त्याच्या पायाशी पाटावर."

म्हणून नूतन आली होती. दोन दिवस ती गावात फिरली. पुरुषांना विचारलं. पुरुष म्हणाले, असा कोणी नाही, पोरीनं बनवलाय. बायकांना विचारलं. बायकांनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "काठावरचं काठावर." जास्त विचारलं की त्या कळशी उचलून चालू लागत. एक निंबा आबा तेवढे छाती पुढे काढून म्हणत होते, मीच तो. आणि आबा म्हणताहेत म्हटल्यावर ते खोटं असणार, याबद्दल गावात दुमत नव्हतं. आबांची म्हैस एकदा चाळीसगावच्या बाजारात विकली गेली, तर ती रेल्वेनं परत आली, तीही तिकीट काढून, हे आबांनीच गावाला सांगितलेलं होतं.

"आबा, राग मानू नका," नूतन म्हणाली. "मला संध्याकाळी निघायचंय. पक्कं काही मिळालं नाही तर आम्ही एक नट ठरवलाय. पुण्याचा आहे. चांगला करतो."

"नट?" आबांचा हात मिशीवरच थांबला. "काय करतो?"

"तुमचं... म्हणजे, लुगड्यातल्या आबाचं काम करेल. लुगडं नेसून खुर्चीत बसेल. हिरवं लुगडं शिवून, म्हणजे, घेऊन ठेवलंय."

"हिरवं!" आबा असे ओरडले की कॅमेरावाला दचकला. "अगं बाई, अंजिरी होतं ते! अंजिरी, नऊवारी, काठाला पिवळी रेघ!"

भाईदास नाना म्हणाले, "आबा, नटाला मिशा तरी तुमच्या द्या. तेवढंच तुमचं नाव होईल."

हसण्याचा लोट उठला. यावेळी आबा हसले नाहीत. वांगी भाजून झाली होती, कोणीतरी त्यांची सालं काढून लाकडी बडगीत ठेचायला घेतली होती. लसूण, मिरची, धूर यांचा वास सुटला होता. आबांना मात्र एकच दिसत होतं. मुंबईतली ती उंच खुर्ची, समोर अख्खा महाराष्ट्र, आणि खुर्चीत त्यांच्या मिशा लावून बसलेला पुण्याचा कोणी परका माणूस. जन्मभर त्यांनी हजार खोट्या गोष्टी सांगितल्या आणि लोकांनी त्या मिटक्या मारत ऐकल्या. एक खरी सांगितली, तिला गिऱ्हाईक नाही. आणि ती एकच अशी, की जिच्यात त्यांची फजिती होती! स्वतःची फजिती आपलीच आहे हे पटवायला माणसाला एवढं झिजावं लागतं, हे कोणाला सांगितलं तर तेही खोटंच वाटेल.

त्यांनी कडुनिंबाच्या सावलीकडे पाहिलं. भिकुबाईची पाठ. थप, थप, थप.

"बस, नूतनबाई," आबा म्हणाले. "कॅमेरा चालू कर. भरीत होईपर्यंत सांगतो. मग जा तुझ्या नटाकडे."

कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. आबांनी मांडी बदलली.

"आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, हे तुला माहीत असेल. पण आमची आखाजी निराळी. लेकी माहेराला येतात, झाडाला झोके बांधतात, आणि शेवटी गौराई घेऊन नदीवर जातात. ह्या काठाला आमचं गाव, त्या काठाला पल्याडचं. तिकडूनही बायका येतात. आणि मग सुरू होतं. पाण्याच्या ह्या बाजूनं एक शिवी, त्या बाजूनं दुसरी. गाण्यात बरं का! साधी शिवी नाही चालत, यमक जुळलं पाहिजे. तुमच्या गावचा पाटील असा, तुमच्या गावची म्हातारी तशी. ज्या काठाचं माणूस आधी हसलं, तो काठ हरला. मग गौराई पाण्यात, शिव्या पाण्यात. घरी कोणी काही न्यायचं नाही. बहिणीनं बहिणीला धुतलेलं असतं, पण घरी जाऊन दोघी एका ताटात सांजोऱ्या खातात. काठावर कोण काय बोललं, कोण जिंकलं, कोण हरलं, हे बाई मरेपर्यंत सांगत नाही. आणि पुरुषानं तिकडे फिरकायचं नाही. पुरुषाला त्यातलं काही कळता कामा नये."

"मग तुम्हाला कसं कळलं?" नूतन म्हणाली.

"तेच तर सांगतो! माझी बायको पल्याडची. दरवर्षी आखाजीला माहेरी जायची, त्या काठावर उभी राहायची, आणि परत यायची ती अशी, की जणू सातपुडा जिंकून आली. तोंडानं एक शब्द बोलायची नाही. पण भाकरी थापताना बांगड्या बोलायच्या. मला कळायचं, आज आमच्या गावाची धूळधाण झाली. नवऱ्याच्या गावाची! बरं, विचारायची सोय नाही. एक वर्ष, दोन वर्षं, किती सोसायचं? मी म्हटलं, निंबा, तू त्या गावचा जावई. त्या गावाची सगळी अंडीपिल्ली तुला माहीत. तू जर आपल्या बायकांच्या कानात चार गोष्टी सांगितल्यास, तर पल्याडचा काठ खचून पाण्यात पडेल."

थाप पडत होती. आबांनी कान तिकडे ठेवून पुढे सांगितलं.

"बायको माहेरी गेलेली. तिची पेटी उघडली. वरच अंजिरी लुगडं. नेसलो. कसं नेसलो ते विचारू नको, दोनदा पाय अडकून पडलो. पदर नाकापर्यंत ओढला आणि गौराईच्या मागं मागं गेलो."

"आणि मिशा?" भाईदास नाना म्हणाले. "मिशा घरी ठेवल्या होत्या?"

"मिशी काढून दुसऱ्या दिवशी गावात काय तोंड दाखवलं असतं, नाना? तुझ्यासारखं?" हशा पिकला. नानांनी आपल्या गुळगुळीत ओठावरून उगाच हात फिरवला. आबांना तेवढ्यानंही बरं वाटलं. "मिशीला पदर पुरेसा आहे, असा माझा हिशेब. पण नूतनबाई, हुशार माणसाची चूक मोठी असते. ते लुगडं बायकोला आदल्या आखाजीला भावानं घेतलेलं. भावानं म्हणजे, त्या गावच्या निम्म्या बायका भडगावला दुकानात जाऊन, चार घड्या मोडून, निवडून आलेल्या. आणि मी शहाणा ज्या गावानं नेसवलं, त्याच गावासमोर, तेच लुगडं नेसून, भर उन्हात उभा!"

आता मात्र दोन-चार माणसं पुढे सरकून बसली. खोटी गोष्टही एवढी चांगली चुकलेली असली तर ऐकावीशी वाटते.

"धरणातून गिरणेला आवर्तन सुटलेलं. पाणी कमरेएवढं. इकडे आमच्या बायका, तिकडे त्यांच्या, आणि त्यांच्या मधोमध माझी बायको, पदर खोचून. तिनं पहिलीच अशी टाकली की आमच्या काठावरची म्हातारी मुकी झाली. मी बाजूला पाहिलं. माझ्या कमरेशी जगदीशची हेमांगी उभी. एवढीशी. मी पदरातून पुटपुटलो, 'म्हण, तुमच्या गावचा कोतवाल, चोर दिसला की दार लावून घेतो.' पोरीनं वर पाहिलं. मी म्हटलं, 'बघतेस काय? म्हण.' ती बघतच राहिली. अगं, मोठ्या बायका मला वरून पाहत होत्या, त्यांना पदर दिसत होता. ती खालून पाहत होती. तिला मिशी दिसत होती!"

नूतनच्या हातातला मोबाइल खाली आला. पाट तिला आठवला असणार. आबांना ते दिसलं आणि त्यांचा आवाज आपोआप चढला.

"तिनं ओरडून गावाला सांगितलं नाही. कोणी दुसरी असती तर किंचाळून पळाली असती. हिनं काय केलं? दोन पावलं पाण्यात गेली. कमरेवर हात ठेवला. आणि पल्याड माझ्या बायकोकडे पाहून, त्या चक्कीत तयार झालेल्या आवाजात, यमक जुळवून, जागच्या जागी टाकली,

भिकुबाई भिकुबाई, तुनं लुगडं आठे उनं,
लुगडाले मिशा उगन्यात, तुना घरमा ऱ्हायनं कोन?

तुझं लुगडं इकडं आलंय, त्याला मिशा फुटल्यात, आता तुझ्या घरात उरलं कोण? एवढ्याशा पोरीनं! ना कोणी शिकवलं, ना कोणी लिहून दिलं. माझा तो कोतवाल तिनं पाण्यात बुडवला आणि मलाच पकडून वर काढला. नूतनबाई, लोक म्हणतात हेमांगी मुंबईत घडली. अरे, मुंबईनं तिला खुर्ची दिली असेल. पण पाट? पाट आमच्या गिरणेचा! ती मोठ्यांना जशी खालून बघते ना, ते तिनं माझ्या मिशीवर गिरवलेलं आहे. गावात कोणी म्हणतो माझी जमीन, कोणी म्हणतो माझी विहीर. माझी ही मिळकत. महाराष्ट्राच्या पहिल्या हसण्याखाली मी उभा होतो, लुगडं नेसून!"

बडगीत भरीत ठेचणाराही थांबला होता. नूतननं चष्मा पुसला.

"आबा, गोष्ट फार सुंदर आहे," ती हळू म्हणाली. "खरंच. पण तुम्हीही कार्यक्रम पाहता. पाट, पदर, मिशी... टीव्हीवर पाहून कोणीही जोडू शकतं. पाहिलेलं कोणी सांगणार आहे का? एक माणूस?"

तिनं कडुनिंबाच्या सावलीकडे पाहिलं. त्या आखाजीला काठावर असलेल्या बायकांतल्या तीन-चार तिथंच बसल्या होत्या. कोणी पीठ मळत होती, कोणी चुलीत काडी सारत होती. सगळ्यांचे पदर तोंडाशी. एकीचे खांदे हलत होते, पण मान वर झाली नाही.

"अक्का?" नूतननं भिकुबाईच्या पाठीला विचारलं. "तुम्ही सांगाल?"

"काठावरचं काठावर," भिकुबाई मागे न वळता म्हणाली. थप, थप.

भाईदास नानांनी एक लांब सुस्कारा सोडला. "चला, भरीत निवतंय. वाढा. पोरीला गाडी गाठायचीय."

कॅमेरावाल्यानं बटणाकडे हात नेला.

आणि आबांना, जाळावर वांगं फुटावं तसं, एकदम सुचलं. जन्मभराच्या धंद्यानं त्यांना एक गोष्ट शिकवली होती. खरं ऐकलं की माणूस गप्प बसतो, त्याला वाटतं, असेल. खोटं ऐकलं की त्याच्याच्यानं राहवत नाही. इतकी वर्षं ते ह्या बाईसमोर हीच गोष्ट खरी खरी सांगत आले, म्हणून तर तिचं तोंड उघडलं नाही. आणि एक जागा तर ते दरवेळी उडी मारून ओलांडत आले होते, कारण तिथं त्यांचीच लाज होती. आज त्याच जागी त्यांनी पाय रोवला.

"थांब बेटा, बंद करू नको," ते कॅमेरावाल्याला म्हणाले. "शेवट राहिला. सगळ्यांत मोठी गोष्ट राहिली. तुम्ही विचारलंच नाही, जिंकलं कोण?"

"कोण?" नूतन म्हणाली.

आबांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाठीकडे पाहिलं. मिशीला पीळ दिला. आवाज असा केला की तो चुलीपर्यंत गेला पाहिजे आणि पुढे नदीपल्याड गेला तरी हरकत नाही.

"आम्ही! पोरीनं ते गाणं टाकलं, क्षणभर नदी थांबली. आणि मग पल्याडची ती भिकुबाई, जी आखाजीला जन्मात कधी हरली नाही म्हणतात, जिच्या तोंडावरची माशी कधी हलली नाही, ती फिस्सकन हसली. पहिल्यांदा! सगळ्यांच्या आधी! अशी हसली, की पदर सुटला, वाळूत बसली, आणि तिचा काठ हरला. भिकुबाईनं आपलं गाव बुडवलं!"

थाप थांबली.

हातातली अर्धी भाकरी परातीत आपटली. बांगड्या खळकन मागे सरल्या. भिकुबाई उठली, पिठाच्या हातानंच वळली, आणि कॅमेऱ्याचा तो लाल दिवा, ती मुंबईची पोरगी, भाईदास नाना, अख्खं शेत यांच्यादेखत, पदर खोचून, गिरणेच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"खोटं! साफ खोटं शे! पयले मी नही हासनू. पयले हासनं ते मनं लुगडं!"